वाळूवरचं शरीर कुणाचं?

संशयी : निसर्गातल्या नग्न देहाच्या कलात्मक छायाचित्रांबद्दल एक दावा नेहमी ऐकू येतो. कपडे उतरले, शहर मागे राहिलं, आता उरलं ते निखळ माणूसपण, झाडाइतकं आणि दगडाइतकं साधं. मला हा दावा मुळातच पटत नाही. माणूस एकटाच डोंगरावर गेला असता तर तो काही काळ समाजातून सुटला असता, हे मानता येईल. पण छायाचित्र आहे म्हणजे कॅमेरा होता, कॅमेरा होता म्हणजे तो लावणारं कुणीतरी होतं, आणि हे चित्र पुढे कुणीतरी भिंतीवर लावणार, विकत घेणार, न्याहाळणार याची कल्पना दोघांनाही होती. त्या ओसाड वाळूवर अख्खा प्रेक्षकवर्ग आधीपासून हजर असतो. कपड्यांतल्या माणसाच्या फोटोत जेवढा समाज असतो त्याहून तो इथे जास्तच असतो, कारण इथे तो नसल्याचं भासवायचं असतं. शरीर रानात नेलं की ते आपोआप निष्पाप होतं, या समजुतीचा फायदा कलाकार घेतात आणि कॅलेंडरं छापणारेही घेतात. दोघांच्या चित्रांत धबधबा तोच असतो आणि ओला खडकही तोच. मग फरक नेमका कुठे आहे?

रसिक : फरक शोधायचा तर धबधबा बाजूला ठेवू आणि एक चांगलं चित्र समोर घेऊ. एडवर्ड वेस्टनने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशिआनोच्या वाळूच्या टेकड्यांवर चॅरिस विल्सनची छायाचित्रं काढली. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा, खाली ट्रायपॉड, आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून काढलेला त्याच आकाराचा प्रिंट. चित्र मोठं केलेलं नसल्यामुळे तपशील कुठेच विरत नाही. वाळूवर आडवं पडलेलं शरीर आहे, कडेला उन्हाची काळीभोर सावली आहे. जवळून पाहिलं तर वाळूचा कण न् कण दिसतो आणि कातडीचा पोतही तितकाच ठसठशीत दिसतो. एकच ऊन दोन्हींवर पडलं आहे आणि कॅमेऱ्याने दोन्हींकडे सारख्याच आस्थेने पाहिलं आहे. कॅलेंडरचा फोटो हे करूच शकत नाही. तिथे उजेड शरीरावर असतो, खडक धूसर असतो, डोळे कुठे टेकवायचे ते आधीच ठरवून दिलेलं असतं. ओशिआनोच्या चित्रात डोळ्याला अशी सूट नाही. वाळूही पाहावीच लागते. याच वेस्टनने १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेल्या ढोबळ्या मिरचीचं छायाचित्र काढलं, आणि आजही ते पाहताना अनेकांना वळलेली पाठ आठवते. भाजी खालची आणि देह वरचा, ही उतरंडच त्याने मोडली. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. श्रवणबेळगोळचा बाहुबली डोळ्यांसमोर आणा. दहाव्या शतकाच्या अखेरीस चावुंडरायाने अखंड शिळेतून घडवलेली सुमारे ५७ फुटांची मूर्ती, पायांशी वारुळं आणि त्यांतून डोकावणारे साप, मांड्यांवरून थेट दंडांपर्यंत चढलेल्या वेली. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी एक त्याच मूर्तीच्या पायाशी कोरलेला आहे. तो नग्न देह पाहताना भाविकाला संकोच होत नाही, कारण देह आणि रान यांच्यातली सीमा तिथे पुसली गेली आहे.

संशयी : बाहुबलीचा दाखला मला तुमच्या विरुद्धच जाताना दिसतो. शिल्पकारापुढे कुणी उभं राहिलं असलं तरी दगडात त्या माणसाचं काही शिल्लक नाही. तो देह एका कल्पनेचा आहे. त्याची नग्नता हा त्यागाचा शेवटचा टप्पा आहे, आणि वेली चढल्या त्या तो वर्षभर जागचा हलला नाही म्हणून, असं कथा सांगते. त्या मूर्तीतून कथा आणि तप काढून घ्या, मग ‘देह आणि निसर्ग’ एवढंच उरतं, आणि तेवढ्यासाठी ती कुणी घडवली नव्हती. छायाचित्राची गोष्ट अगदी निराळी. एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक बाईच्या कातडीवरून परतलेला उजेड निगेटिव्हवर पडला, म्हणून ते चित्र आहे. ती बाई नसती तर ते नसतं. हे विसरून आपण ‘आकार’, ‘रेषा’, ‘पोत’ म्हणू लागतो, तेव्हा एका हयात माणसाला आपण मिरचीच्या रांगेत बसवतो. आणि उतरंड मोडली म्हणताना खाली कोण आलं, याचा विचार करत नाही. वेस्टनचंच त्या वर्षीचं दुसरं चित्र घ्या, त्याच्या सगळ्या न्यूड्समधलं बहुधा सर्वांत गाजलेलं. घराच्या दारात, उन्हात चॅरिस बसली आहे. पाय दुमडलेला, हातांनी कवेत घेतलेला, मान खाली घातलेली. चेहरा दिसत नाही, दिसतो तो डोक्याचा वरचा भाग. या चित्राबद्दल चॅरिसने पुढे एक गोष्ट सांगितली आहे. वेस्टनला उजव्या हातावरची सावली कायम खटकत राहिली. तिला खटकत राहिला तो स्वतःचा वाकडा भांग आणि केसांतल्या पिना. एकच कागद, दोघांच्या दोन तक्रारी. त्याला चित्रात आकार दिसतो, तिला ती स्वतः दिसते. तो पन्नाशीचा नावाजलेला कलावंत, ती विशीतली. आणि चित्राचं नाव आहे नुसतं ‘न्यूड’. माझा आक्षेप नग्नतेवर नाही. ज्या पाहण्यात भांग आणि पिना दिसेनाशा होतात, त्या पाहण्यावर आहे.

रसिक : पण पिना दिसेनाशा झालेल्याच नाहीत. तुम्ही आत्ता त्यांच्याबद्दल बोलू शकलात, कारण वेस्टनने त्या चित्रात राहू दिल्या. निगेटिव्हवर हात फिरवून सफाई करायची नाही, भिंगाने पाहिलं तसंच ठेवायचं, हा त्याचा आणि १९३२ मध्ये जमलेल्या छायाचित्रकारांच्या एफ-६४ गटाचा आग्रह होता. चित्रकाराने त्या पिना गाळल्या असत्या. छायाचित्र माणसाला मिरची करायला निघालं तरी त्याला ते पूर्ण जमत नाही, माणूस कुठल्या ना कुठल्या पिनेला अडकून उरतोच. या कलेचा खरा ताण मला तिथेच दिसतो. दुसरं, चॅरिसला तुम्ही ज्या बिचारेपणात बसवता तिथे ती मावत नाही. १९३७ साली वेस्टनला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्या अर्जाच्या लिखाणात चॅरिसचा मोठा हात होता. त्या फेलोशिपवर केलेल्या भटकंतीतून झालेल्या ‘कॅलिफोर्निया अँड द वेस्ट’ या पुस्तकाचा मजकूर तिचा आहे. पुढे १९९८ मध्ये तिने त्या वर्षांची आठवण स्वतःच्या बाजूने लिहिली. तिला केवळ पाहिली गेलेली बाई म्हणणं हाही तिला पुसण्याचाच एक प्रकार आहे. आणि या परंपरेची सुरुवात वेस्टनपासून धरणंच चूक आहे. त्याच्या तीस वर्षं आधी अ‍ॅन ब्रिगमन नावाची बाई सिएरा नेवाडाच्या डोंगरांत मैत्रिणींना आणि बहिणीला घेऊन जात होती, त्यांचे आणि स्वतःचे नग्न फोटो काढत होती. ‘सोल ऑफ द ब्लास्टेड पाइन’ हे तिचं १९०७च्या सुमाराचं चित्र पाहा. वादळाने मोडलेल्या झाडाच्या चिरफळलेल्या बुंध्यातून एक देह हात उंचावून वर आला आहे, आणि तो देह तिचा स्वतःचा आहे. छायाचित्रकार स्टिगलिट्झने तिची चित्रं आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात छापली. ज्या काळात बाईने एकटीने डोंगर चढणं हेच धाडस होतं, त्या काळात तिने डोंगर आणि आपलं शरीर दोन्ही एकदमच ताब्यात घेतले. इमोजेन कनिंगहॅमने तर १९०६ मध्ये, विशीत असताना, विद्यापीठाच्या आवारातल्या गवतात पडून स्वतःचं नग्न छायाचित्र काढलं होतं. तिथे पाहणारा पुरुष कुठे आहे?

संशयी : कनिंगहॅमचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. १९१५ मध्ये तिने माउंट रेनिअरच्या परिसरात आपल्या नवऱ्याची, रॉय पार्ट्रिजची, नग्न छायाचित्रं काढली. बर्फाळ पाण्याच्या काठावर उभा असलेला पुरुष. ती सिअ‍ॅटलमध्ये छापली गेली तेव्हा गदारोळ झाला, आणि तिने त्या निगेटिव्ह कित्येक दशकं बाजूला ठेवून दिल्या. बाईने पुरुषाचं शरीर पाहिलं, एवढाच गुन्हा. निसर्ग तिथेही होता, पर्वत होता, पाणी होतं. पण त्याने कुणाला निष्पाप केलं नाही. आपल्याकडे गोव्यात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन प्रकरणं गाजली. किनाऱ्यावर नग्न धावतानाचं स्वतःचं छायाचित्र एका प्रसिद्ध मॉडेलने वाढदिवशी प्रसिद्ध केलं. गुन्हा नोंदला गेला, पण पुष्कळांनी त्याच्या तब्येतीचं कौतुकही केलं. एका अभिनेत्रीने काणकोणातल्या धरणावर चित्रीकरण केलं; तिला अटक झाली. दोन चित्रांची कलात्मक योग्यता सारखी होती असं मी म्हणत नाही. पण समुद्र आणि धरण यांच्या पार्श्वभूमीने दोघांना सारखं वागवलं नाही, एवढं तरी उघड आहे. आता निसर्गाबद्दलच बोलू, कारण या चित्रांतली जास्त मोठी सजावट मला देहापेक्षा निसर्गात दिसते. ओशिआनोची वाळू वेस्टनच्या चौकटीत निर्मनुष्य आहे. प्रत्यक्षात त्याच टेकड्यांत त्या काळी ‘ड्यूनाइट्स’ म्हणून ओळखले जाणारे कलावंत, फिरस्ते, एकांतवासी झोपड्या बांधून राहत होते. सिएरा नेवाडा आपल्याला आदिम रान वाटतं, पण तिथल्या योसेमिटी खोऱ्यातून अहवानीची लोकांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकून लावलं होतं. आधी माणसं हटवली, मग त्या मोकळ्या जागेला निसर्ग म्हटलं, आणि मग तिथे एक निवडक माणूस परत नेऊन उभा केला. आपल्या सह्याद्रीत अशी कोरी जागा सापडणारच नाही. पठारावर गुराखी असतो, ओढ्यावर धुणं असतं, देवराईत देव असतो. आणि माणसाचं उघडं शरीर आपल्या निसर्गात रोज असतंच. आवणात गुडघाभर चिखलात लुगडं मांडीपर्यंत खोचून, डोक्यावर इरलं घेऊन वाकलेली बाई दिसते, तेव्हा कुणी तिला रेषा आणि पोत म्हणत नाही. कारण ते शरीर काम करतंय. कलेतलं निसर्गातलं शरीर कधी काम करत नाही. ते पहुडलेलं असतं, वळलेलं असतं, उभं असतं. रानाशी त्याचं नातं पोटाचं नसतं, म्हणून ते इतकं शुद्ध दिसतं.

रसिक : कामाचा हा मुद्दा जड आहे, तो मी झटकून टाकणार नाही. पण त्याचा निष्कर्ष मी उलटा काढीन. ज्या शरीराला फक्त कामापुरतंच रानात येऊ दिलं जातं, त्याला तिथे काहीही न करता पडून राहण्याचा हक्क मिळणं ही छोटी गोष्ट नाही. ब्रिगमनच्या मैत्रिणी डोंगरावर कुणासाठी स्वयंपाक करत नव्हत्या, मुलं सांभाळत नव्हत्या. आवणातल्या बाईला पाठ टेकायला बांधावर जागा मिळत नाही, हा दोष आवणाच्या व्यवस्थेचा आहे. तो विसाव्याचं चित्र काढणाऱ्याच्या माथी का मारायचा?

संशयी : कारण विसावा कुणाच्या वाट्याला आला आणि नुसतं पाहिलं जाणं कुणाच्या, याचा हिशेब छायाचित्रणाच्या इतिहासातच लिहिलेला आहे. आपल्या देशात ‘निसर्गातलं उघडं शरीर’ कॅमेऱ्यापुढे प्रथम आलं ते कलेसाठी आलं नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, चारशेहून अधिक छायाचित्रं. बहुतेक चित्रांखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. १८९०च्या दशकात पोर्टमन या अधिकाऱ्याने अंदमानातल्या माणसांना काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढले, म्हणजे शरीराची मापं सहज घेता यावीत. चौकडीचा पडदा आणि वाळूची टेकडी यांत सौंदर्याचा फरक आहे, मान्य. पण दोन्हीकडे एक क्रिया सारखी आहे. शरीर त्याच्या नावापासून, ओळखीच्या माणसांपासून, त्याच्या दिवसापासून सोडवायचं आणि एका पार्श्वभूमीपुढे ठेवायचं. आदिवासी बाईचं उघडं अंग छापून आलं की ते ज्ञान होतं किंवा ‘निरागस वन्य जीवन’ होतं. शहरातल्या बाईचं आलं की कला किंवा अश्लीलता. पहिलीला तर अश्लील ठरण्याइतकंही व्यक्तिमत्त्व आपण दिलं नाही.

रसिक : हे ऐकल्यावर वेस्टनची बाजू मांडणं मला अवघड जातं, आणि मी ते टाळणारही नाही. ‘शरीर हा शुद्ध आकार आहे’ एवढ्या वाक्यावर ही कला उभी राहू शकत नाही, कारण तेच वाक्य मापं घेणाऱ्यालाही म्हणता येईल. पण म्हणूनच लॉरा अ‍ॅग्विलारची चित्रं मला निर्णायक वाटतात. लॉस एंजेलिस परिसरातली मेक्सिकन वंशाची अमेरिकन बाई, अतिशय स्थूल, समलिंगी, गरिबीत राहिलेली. न्यूडच्या परंपरेने जिला कधी मॉडेल म्हणून बोलावलं नसतं. १९९६ मध्ये तिने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात स्वतःची नग्न छायाचित्रं काढली, पुढे २००६ च्या ‘ग्राउंडेड’ मालिकेत जोशुआ ट्रीच्या खडकांत. त्या मालिकेतल्या एका चित्रात ती एका प्रचंड धोंड्यापुढे पाठमोरी बसली आहे. धोंड्याचा घेर आणि तिच्या पाठीचा घेर एका वळणाचे. पाठीवरच्या मांसाच्या घड्या आणि दगडावरच्या खाचा एकमेकींना जाब दिल्यासारख्या समोरासमोर आहेत. तुम्ही म्हणता शरीराला दगड केलं की माणूस खाली येतो. इथे उलट होतं. ज्या शरीराला बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात लोक नजरेने हिणवतात, त्याच्या आकाराचं काही जगात आधीपासून आहे, प्राचीन आहे, आणि त्याला कुणी बारीक हो म्हणत नाही, हे ती दाखवते. खडकाशी साम्य दाखवायचं हे वेस्टनचंच तंत्र, पण त्याचा अर्थ पार बदलला, कारण शरीर कुणाचं आणि निर्णय कुणाचा, हे दोन्ही एका ठिकाणी आले. अर्नो मिन्किनेन हा फिनिश-अमेरिकन छायाचित्रकारही गेली पन्नासएक वर्षं स्वतःचंच शरीर बर्फात, तळ्यात, कड्यावर ठेवून चित्रं काढतो. कॅमेऱ्यातून दुसरं कुणी पाहत नाही, शटर त्याचं, जोखीम त्याची. म्हणून मी माझा दावा आता असा मांडीन. निसर्ग शरीराला निष्पाप करत नाही. पण शरीर ज्याचं आहे त्याने निसर्गाशी आपलं साम्य स्वतः मागितलं, तर तो एक हक्क होतो. तेच साम्य दुसऱ्याने त्याच्यावर लादलं, की त्याचं वर्गीकरण होतं.

संशयी : इथवर मी तुमच्याबरोबर येतो, आणि अ‍ॅग्विलारच्या पाठीपुढे माझा आवाज खाली येतो हेही कबूल करतो. तरी टायमर लावल्याने प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. संमती एका दिवसाची असते, चित्राचं आयुष्य शंभर वर्षांचं. ब्रिगमनने ज्या मैत्रिणींना डोंगरावर नेलं त्यांनी होकार दिला तो मोजक्या वाचकांच्या एका त्रैमासिकासाठी. आज ती चित्रं कुठल्याही फोनवर, कुठल्याही चित्राशेजारी येतात. संदर्भ गळून पडतो आणि शरीर तेवढं फिरत राहतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात संदर्भालाच महत्त्व दिलं. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचं नग्न छायाचित्र एका भारतीय नियतकालिकाने पुन्हा छापलं होतं. ते तिच्या वडिलांनीच काढलेलं होतं आणि त्यामागचं म्हणणं वंशद्वेषाविरुद्धचं होतं. न्यायालयाने ते अश्लील नाही असं ठरवलं आणि १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्यापासून चालत आलेली जुनी कसोटी सोडून दिली. (‘द पीपल ऑफ इंडिया’चा पहिला खंडही १८६८ चाच. काय पाहू नये आणि कुणाला कसंही पाहावं, हे एकाच सुमारास ठरत होतं.) निकाल मला योग्य वाटतो. पण संदर्भ हाच जर बचाव असेल, तर संदर्भाशिवाय फिरणाऱ्या लाखो प्रतींचं काय?

रसिक : म्हणून अशी चित्रं काढूच नयेत, असं म्हणाल तर र. धों. कर्व्यांपुढे आपण दोघेही लहान ठरू. त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, मुखपृष्ठांवर नग्न चित्रं छापली, खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शरीर लपवण्यातून विकृती वाढते, हे त्यांचं म्हणणं आजही टिकतं. मुखपृष्ठावरच्या बाया कोण होत्या, हे मात्र त्या मुखपृष्ठांवरून कळत नाही, आणि तुमच्याशी बोलल्यावर तो प्रश्न मला टाळता येत नाही. मोकळेपणाची लढाई लढतानाही पाहिली जाणारी बाई बिननावाची राहू शकते. मी आता असं म्हणेन की चित्राखाली नाव असावं, मॉडेलचंही, आणि ते कशासाठी काढलं हेही असावं. पण त्याची किंमत आहे, तीही सांगतो. ‘चॅरिस विल्सन, ओशिआनो’ असं वाचल्यावर पाहणारा वाळू पाहायची सोडून चॅरिसला पाहतो, तिचं वय विचारतो, वेस्टनशी तिचं नातं शोधतो. वाळू आणि कातडी यांना सारखं पाहण्याची जी दुर्मिळ शिस्त त्या चित्रात आहे, ती नावाने मोडते. नाव पुसलं तर माणूस जातो, लिहिलं तर पाहण्याची ती शिस्त जाते.

संशयी : ती किंमत द्यावी लागली तर मी देईन. पण नावाच्या पुढचा प्रश्न मला जास्त छळतो. समजा १९९८ मध्ये चॅरिसने आठवणी लिहिण्याऐवजी सांगितलं असतं, की ही चित्रं आता दाखवू नका, ते शरीर माझं होतं. संग्रहालयांनी ऐकायला हवं होतं का?

रसिक : हवं होतं असं म्हणायला जीभ वळते, आणि तेवढ्यात ओशिआनोची वाळू आठवून अडखळते. ती नजर फक्त तिची नव्हती, वेस्टनचीही होती.

संशयी : मी तिचं ऐकलं असतं. पण मग दारातल्या त्या चित्रातल्या पिनाही माझ्या वाट्याला आल्या नसत्या, आणि माझा सगळा आक्षेप त्या पिनांवर उभा आहे. जिवंत माणसाचं म्हणणं शेवटचं मानावं, एवढं मला स्पष्ट आहे. चॅरिस २००९ मध्ये गेली, अ‍ॅग्विलार २०१८ मध्ये. आता त्यांच्या शरीरांच्या वतीने बोलायचं कुणी, वारसांनी, संग्रहालयांनी की पाहणाऱ्याने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.